आमचा काठ उपसून नेणाऱ्या रेतीवाल्यास

रेतीवाले मालक,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडं रीत आहे. ती मी आज जाणूनबुजून मोडतो आहे. तुमचं नाव मला ठाऊक नाही. नांदेडात तुम्हाला रेतीवाले म्हणतात, लातूरकडं वाळूवाले. गावात तुमच्या हाताखालची माणसं तुम्हाला शेठ म्हणतात. मी तुम्हाला शेठ म्हणणार नाही. ज्याच्या हातून लेकरांचे जीव जातात आणि ज्याला त्याची खबरही नसते, त्याला आमच्या भाषेत गुन्हेगार म्हणतात. हे पत्र त्या गुन्हेगाराला आहे.

तुम्ही रात्री नदीत उतरता. आम्ही दिवसा उतरतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत, पोराबाळांना घेऊन. त्यामुळं आपली गाठ कधी पडत नाही. तुम्ही मागं ठेवलेल्या खड्ड्याशी मात्र आमची गाठ पडते. गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याची पडली.

आधी आमचा उन्हाळा सांगतो. तो तुम्हालाही माहीत आहे, पण पोकलेनच्या केबिनमधून आणि एसी गाडीच्या काचेतून तो वेगळा दिसत असेल. नांदेडात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि दिवसेंदिवस तिथंच राहतो. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात. पूर्वी घरं माळवदाची होती. जाडजूड भिंती, वर मातीचा थर, आत दुपारी दोनलाही अंगाला गारवा लागायचा. आता घरोघरी स्लॅब आहे किंवा पत्रे आहेत. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच ऊन खाली सोडतो. रात्री बारा वाजता भिंतीला पाठ टेकली तर चटका बसतो. लाईट गेली की कूलर बंद, आणि मग लेकरं ओल्या टॉवेलवर कूस बदलत पहाटेची वाट पाहतात.

अशा दिवसांत पुण्या-मुंबईची माणसं समुद्रावर जातात. सकाळी अलिबागला, संध्याकाळी घरी. आम्हाला समुद्र नाही. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरं रत्नागिरी-नागपूर महामार्गावर आहेत. हाच रस्ता धरून लातूरहून निघालं तर तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर करत साडेचारशे किलोमीटरच्या पुढं समुद्र लागतो. नांदेडहून तो सहाशेच्या आसपास पडतो. एवढं अंतर एका दिवसात जाऊन-येऊन होत नाही, आणि मुक्कामाचा खर्च मे महिन्यात कोकणात जो होतो, तो महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या घराला झेपत नाही. आमची गोदावरी मात्र समुद्राला जाते. लातूरच्या अंगानं आलेली मांजरा राज्याच्या हद्दीलगत कंदकुर्तीला तिला मिळते आणि दोघी मिळून तेलंगण, आंध्र पार करून राजमहेंद्रीच्या पुढं बंगालच्या उपसागरात उतरतात. नदी समुद्रापर्यंत पोचते, आम्ही पोचत नाही. म्हणून नदीचा काठ हाच आमचा समुद्रकिनारा. ऐपत नसलेल्या माणसाची एका दिवसाची सहल तिथंच होते. तिला तिकीट नाही, हॉटेल नाही. घरून धपाटे, दही आणि शेंगाची चटणी बांधून घ्यायची, पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत पाण्यात पाय सोडायचे.

हा किनारा कसा होता, हे मी पाहिलेलं आहे. मी लहान असताना उन्हाळ्यात गोदावरीचं पात्र म्हणजे दोन्ही बाजूंनी पसरलेली रेती आणि मधून वाहणारी पाण्याची धार. रेती इतकी तापलेली असायची की चपला हातात घेतल्या तर पळतच पाणी गाठावं लागायचं. भोई लोकांच्या डांगरवाड्या पात्रातच असायच्या. टरबूज, खरबूज, काकडी, सगळं रेतीत पिकायचं. विकत घेतलेलं टरबूज आजोबा धारेजवळच्या ओल्या रेतीत पुरून ठेवायचे आणि तासाभरानं काढायचे, तेव्हा ते दातांना लागण्याइतकं गार झालेलं असायचं. आजी हातानं उकरून झिरा करायची. आधी गढूळ पाणी वर यायचं. ते वाटीनं दोनदा उपसून टाकलं की तिसऱ्या वेळी तळातले रेतीचे कण मोजता येतील इतकं नितळ पाणी. त्याच पाण्यानं तांब्या भरायचा आणि तेच प्यायचं. त्यानं कुणी आजारी पडल्याचं मला आठवत नाही. रेतीच ते पाणी गाळत होती.

आणि वडिलांचा एक नियम होता. पाणी गुडघ्याला आलं की थांबून मागं बघायचं, कमरेला आलं की मागं फिरायचं. पोहायला येवो न येवो, हा नियम पाळणाऱ्या लेकराला नदी काही करत नव्हती. कारण पात्राचा उतार हळूहळू होता. गुडघ्यापासून कमरेपर्यंत यायला दहा-वीस पावलं लागायची. नदी आधी सांगायची, मग खोल व्हायची. आमच्या चार पिढ्या या एका नियमावर पाण्यात उतरल्या आणि घरी परतल्या.

तो नियम तुम्ही मोडलात, मालक. तुमच्यावरचा माझा पहिला आरोप हाच आहे. चोरीला गेलेली रेती सरकार मोजेल, ब्रासमध्ये मोजेल, दंड लावेल. पण बापानं लेकाला शिकवलेलं पाण्याचं शहाणपण तुम्ही खोटं ठरवलंत, त्याचा पंचनामा कुठल्याच कागदावर होत नाही.

गेल्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण लातूरहून दोन लेकरांना घेऊन आली. थोरला बारा वर्षांचा. आल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद, “मामा, समुद्र दाखव ना.” मी म्हणालो, समुद्र लांब आहे, तुला गोदावरी दाखवतो. नांदेड शहरातल्या घाटांवर पाणी चांगलं राहिलेलं नाही, म्हणून शहरापासून थोडं दूर, माझ्या लहानपणीच्या ओळखीच्या काठावर गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाचा यात दोष नाही.

सकाळचे साडेसात झाले होते. काठावर दोन-तीन कुटुंबं आधीच आली होती. पाणी संथ होतं, चांगलं दिसत होतं. मी भाच्याला वडिलांचा नियम सांगितला. गुडघ्याला थांब, कमरेला मागं फिर. तो उतरला. घोट्याएवढ्या पाण्यातून गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला, थांबला, मागं वळून माझ्याकडं बघून हसला. सांगितलं होतं तसंच वागला. मग आणखी एक पाऊल टाकलं आणि दिसेनासा झाला.

त्यानं आरडाओरडा केला नाही. हात वर आले नाहीत. पाण्यावर चार बुडबुडे आणि मग काहीच नाही. सिनेमात बुडणारा माणूस ओरडतो. खरं बुडणं मुकं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी धावलो. माझाही पाय त्याच जागी गेला आणि पायाखालची रेती धसकन सरकली. वीसेक हातांवर एक भोई आपलं जाळं आवरत होते. त्यांनी होडी वळवली, मला ओरडून मागं ढकललं, काठी खाली घातली आणि दुसऱ्या हातानं लेकराचे केस धरून त्याला वर काढलं. हे सगळं मिनिटभरात झालं असेल. बहिणीच्या हातात धपाट्यांचं फडकं तसंच होतं.

लेकरू काठावर पालथं पडून पाणी ओकत होतं. श्वास लागल्यावर त्याचे पहिले शब्द होते, “मामा, खाली जमीनच नव्हती.”

तुमच्या खड्ड्याचं यापेक्षा नेमकं वर्णन कुठल्या अधिकाऱ्याच्या अहवालात सापडणार नाही.

थोड्या वेळानं त्या भोयांनी मला होडीत बसवलं आणि ती जागा दाखवली. गुडघ्याएवढ्या पाण्याच्या कडेलाच त्यांनी काठी उभी सोडली. काठी जात राहिली. वर राहिला तो मुठीत मावेल एवढा तुकडा. काठी पंधरा फुटांची होती. मग होडी चार हात पुढं नेली, तिथंही तेच. आणखी पुढं काठी एकदम तीन फुटांवर टेकली. म्हणजे उतार कुठंच नाही. विहिरीला असते तशी उभी कड, आणि तळात रुतवणारा गाळ. काठावर हायवाच्या चाकांचे ठसे होते, डिझेल सांडून काळी झालेली रेती होती आणि इंजिनाचा तुटलेला पट्टा पडला होता. ते म्हणाले, “भाऊ, लेकरांना या काठाला आणू नका. जन्म या पाण्यात गेला, पण ही नदी आता आमच्याही ओळखीची राहिली नाही. आज आहे तो खड्डा उद्या दुसरीकडं असतो.”

नियम काय आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तरी इथं लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळतील. सर्वोच्च न्यायालयानं २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सांगितलं की, पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यातूनही वाळू काढायची असेल तर पर्यावरण मंजुरी हवी. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उपशाची खोली तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांच्या आत थांबवली. सूर्यास्तानंतर नदीत उपसा करायला बंदी आहे. सक्शन पंपानं वाळू ओढायला बंदी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे चोरून काढलेल्या वाळूला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, गाडी आणि यंत्र जप्त करायचा अधिकार आहे. कायदा कमी नाही. काठी टाकलेल्या त्या जागी रेतीचा लिलावच झालेला नव्हता, असं गावकरी सांगत होते. मग परवानगीची खोली तिथं शून्य फूट होती आणि खड्डा जवळपास पंधरा फूट.

तुमच्या बाजूनं जे बोललं जातं, ते मी ऐकलेलं आहे. त्यातलं एकेक घेतो.

तुम्ही म्हणता, रेती दर पावसाळ्यात पुन्हा येते. कुठून येते? सह्याद्रीचा आणि बालाघाटचा काळा दगड झिजून, फुटून, घासून ही रेती व्हायला हजारो वर्षं लागली. वरून येणारी रेती अडवायला आता पैठणचं जायकवाडी आहे. त्याच्या खाली ढालेगाव, मुदगल, दिग्रस, अंतेश्वर हे बंधारे आहेत. नांदेडच्या तोंडाशी विष्णुपुरी आहे. पुढं आमदुरा, बळेगाव आणि बाभळी आहेत. पाणी दरवाज्यातून सुटतं, जाड रेती बरीचशी मागंच बसते. येणारी वाट आटलेली असताना जाणारी वाट तुम्ही शंभरपट रुंद केलीत.

तुम्ही म्हणता, घरं बांधायला रेती लागते. लागते, हे खरं आहे. मीही घर बांधलं आहे, स्लॅब टाकला आहे. पण घरकुलवाल्या गरिबाच्या नावानं तुम्ही बोलू नका. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत द्यायचं सरकारचं धोरण आहे. २०२३ साली सरकारनं ६०० रुपये ब्रासनं रेती द्यायचं ठरवलं, डेपो काढले. ते चाललं नाही, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा लिलावाचं धोरण आणलं. गरीब माणूस या सगळ्या फेऱ्यांत कागद घेऊन तहसीलच्या पायऱ्यांवर बसलेला असतो. रात्री निघालेली तुमची गाडी त्याच्या दारात रिकामी होत नाही. ती शहरातल्या मोठ्या साइटवर, मागेल त्या भावाला रिकामी होते.

तुम्ही म्हणता, आम्ही चार पोरांना रोजगार देतो. कसला रोजगार? परराज्यातून आणलेली पोरं तराफे घेऊन रात्रभर गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून टोपल्यानं रेती ओढतात. महसूलचं पथक आलं की इंजिनं फुटतात, तराफे जळतात आणि ती पोरं शेतातून पळत सुटतात. तुम्ही त्या वेळी घरी झोपलेले असता. आणि काठावरच्या ज्या भोयांचा पिढीजात रोजगार होता, त्यांच्या डांगरवाड्या तुमच्या खड्ड्यात गेल्या. रेतीच नाही तर वेल लावायचा कशात? माझ्या भाच्याला वर काढणाऱ्या माणसाच्या पोटावर तुमची पोकलेन चालली आहे.

आता लातूरचं सांगतो. बहीण लातूरची म्हणून सांगतो, आणि तिथल्या पाणीटंचाईत तुमचा हात किती आहे हे कुणी नीट मोजून दाखवत नाही म्हणूनही सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात १४४ कलम लावावं लागलं. तहानलेल्या माणसांनी घोळका करू नये, असा हुकूम एका शहराला ऐकावा लागला. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ११ एप्रिलला गाडी निघाली आणि १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. साऱ्या देशानं ते दृश्य पाहिलं. माझ्या बहिणीनं ते वर्ष तिथंच काढलं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासाला, असं ते वर्ष.

आता एक हिशोब करा. हिशोब तुम्हाला चांगला येतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. रेतीच्या दाण्यांमधली पोकळी साधारण तिसरा हिस्सा धरली, तर एक ब्रास रेती आपल्या पोटात साडेनऊशे लिटरच्या आसपास पाणी धरून ठेवू शकते. तुमच्या हायवात पाच ब्रासच्या आसपास रेती बसते. म्हणजे शंभर-सव्वाशे हायवा भरून नेल्या की, त्या पहिल्या पाणीगाडीत मावलं तेवढं पाणी धरून ठेवणारी जागा नदीतून उठते. ती एका वेळेपुरती उठत नाही, कायमची उठते. दर पावसाळ्यात भरणारी आणि उन्हाळ्यात झिरपून विहिरींना मिळणारी टाकी तुम्ही तळासकट उचलून नेता. मांजरेच्या, तेरणेच्या, गोदेच्या पात्रातून आजवर किती हायवा गेल्या, हे तुमच्या वहीत आहे. भागाकार तुम्हीच करा.

खड्ड्यातही पाणी साठतंच ना, असं म्हणू नका. रेतीखालचं पाणी सावलीत असतं, टिकतं. उघडं पाणी आमच्या वैशाखातल्या उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर हवेत उडून जातं. शिवाय पात्राचा तळ खाली गेला की काठावरच्या विहिरींची पातळी त्याच्यामागं खाली जाते. शेतकरी आणखी एक परस खोदतो, आणखी एक बोअर मारतो, आणखी कर्ज काढतो. त्या कर्जाच्या कागदावर तुमचं नाव नसतं, पण ते कर्ज तुमचं आहे.

आता हे सगळं एका जागी ठेवून बघा. तुम्ही नदीतून रेती काढलीत. त्या रेतीचा स्लॅब झाला. तो स्लॅब मे महिन्यात भट्टीसारखा तापतो. त्या भट्टीतून सुटायला लेकरं नदीवर येतात. आणि तिथं, जिथून ती रेती निघाली नेमक्या त्याच जागी, पंधरा फूट खोल खड्डा त्यांची वाट बघत असतो. आगीतून फुफाट्यात पडणं आपण ऐकलं होतं. आमची लेकरं उन्हातून पळून पाण्यात पडतात आणि दोन्ही ठिकाणी तुमचीच रेती असते.

माझा भाचा वाचला. दर उन्हाळ्यात, दर जिल्ह्यात कुणाचा तरी वाचत नाही. वर्तमानपत्रात चार ओळी येतात, ‘पोहण्यासाठी गेलेल्या मुलाचा बुडून मृत्यू’. अनेकदा एकाच्या जागी दोघं असतात, तिघं असतात, कारण एक गेला की त्याला काढायला भाऊ उडी घेतो आणि भावाला काढायला बाप. बातमीत लिहिलेलं असतं, ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’. हे वाक्य छापणं बंद करायला हवं. अंदाज लेकराचा चुकला नव्हता. अंदाज बांधता येईल असा तळ तिथं ठेवलाच नव्हता. पोलिसांत आकस्मिक मृत्यू अशी नोंद होते. रात्री यंत्र लावून खणलेल्या, परवानगी नसलेल्या, कडेला एक साधं लाल फडकंही नसलेल्या खड्ड्यात लेकरू मेलं, तर ते आकस्मिक कसं? तो खड्डा आपोआप पडला का?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घाटावर बेकायदा उपसा झाला आणि तिथल्या खड्ड्यात कुणी बुडालं, तिथं उपसा करणाऱ्यावर मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा गुन्हा दाखल व्हावा. नुसता ब्रासचा दंड नको. दंड तुम्ही धंद्याच्या खर्चात धरलेला आहे. गाडी सुटते, तलाठ्याला धमकी जाते, अंगावर टिप्पर घातल्याच्या बातम्या महाराष्ट्रानं अनेकदा वाचल्या आहेत. ज्या दिवशी खड्ड्याची किंमत पैशात नव्हे तर तुमच्या स्वतःच्या मोकळेपणात मोजली जाईल, त्या दिवशी पोकलेन नदीत उतरायची थांबेल.

प्रशासनालाही या पत्रातून दोन शब्द. शाळांना सुट्टी लागायच्या आत, एप्रिल महिन्यातच, प्रत्येक घाटावर महसूलचा माणूस, ग्रामपंचायतीचा माणूस आणि गावातला भोई, अशा तिघांनी होडीतून फिरून काठी टाकावी. जिथं खड्डा असेल तिथं बांबू रोवून लाल कापड बांधावं. प्रत्येक मोठ्या गावाच्या काठावर एक जागा आंघोळीसाठी सुरक्षित म्हणून आखून, दोरी बांधून द्यावी. सुट्टीच्या दोन महिन्यांसाठी भोई समाजातल्या तरुणांना मानधनावर जीवरक्षक म्हणून नेमावं. याला कोट्यवधींची योजना लागत नाही. बांबू, दोरी, लाल कापड आणि दोन महिन्यांचं मानधन एवढंच लागतं.

मालक, तुम्हालाही लेकरं असतील. तीही उन्हाळ्यात घामेजून उठत असतील. तुमची ऐपत आहे, तुम्ही त्यांना खऱ्या समुद्रावर नेत असाल. तिथं वाळूत ती किल्ले करत असतील. तेव्हा एकदा त्या वाळूवर अनवाणी चालून बघा. पाण्याकडं जाताना पायाखालची जमीन कशी हळूहळू उतरते, ते बघा. आमचाही काठ तसाच होता. तुमच्याकडं एकच मागणं आहे. नदीतून निघा. यंत्र काढा, आणि जाण्याआधी तुम्ही खणलेल्या जागा कुठं कुठं आहेत ते गावाला सांगा. त्या जागा तुमच्याइतक्या कुणालाच माहीत नाहीत. एवढं सांगितलंत तरी येत्या मे महिन्यात कुणाच्या तरी घरचं लेकरू परत जाईल.

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हाला हात जोडून विनंती आहे. घर बांधत असाल तर रेतीच्या गाडीची रॉयल्टी पावती मागा. पावती नाही म्हणणाऱ्याची गाडी दारात रिकामी होऊ देऊ नका. दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू आता मिळते, राज्यानं २०२५ साली तिच्यासाठी धोरणही केलं आहे. गिलाव्याला आणि स्लॅबला कुठली चालेल ते इंजिनिअरला विचारा. आपण विकत घेणं थांबवलं तर हा माणूस रात्री कुणासाठी खणेल?

माझी बहीण लातूरला परत गेली, तेव्हा तिनं नदीचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाली, “दादा, लेकरू परत नेते आहे, हेच खूप झालं.” भाचा अजून बादलीतल्या पाण्यात आधी हात बुडवून तळ चाचपतो. बादलीचा तळ लागला की मगच अंगावर पाणी घेतो.

तेव्हा या उन्हाळ्यात लेकरांना घेऊन नदीवर जाल, तर लहानपणीच्या ओळखीवर विसंबू नका. मीही तिच्यावरच विसंबलो होतो. काठावरच्या भोयाला विचारा. सोबत लांब काठी आणि दोर न्या. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी घेऊ नका, दोर किंवा काठी पुढं करा. आणि लेकराला पाण्यात सोडण्याआधी, गुडघाभर पाण्यातसुद्धा, काठी टाकून बघा.

गोदाकाठचा एक रहिवासी,
नांदेड